ॲव्होकॅडोची कूज बाजारात नव्हे, झाडावरच सुरू होते

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत ॲव्होकॅडोच्या, म्हणजे आपल्याकडे 'बटर फ्रूट' आणि कन्नडमध्ये 'बेण्णे हण्णु' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फळाच्या लागवडीच्या यशकथा वृत्तपत्रांच्या शेतीविषयक पानांवर वारंवार वाचायला मिळतात. एकरी किती कलमे बसतात, एका झाडाला किती फळे लागतात, किलोला काय दर मिळतो, याचे हिशेब त्यांत असतात आणि ते बहुधा खरेही असतात. मात्र झाडावरून उतरवलेल्या फळांपैकी किती ग्राहकाच्या ताटापर्यंत धड पोहोचतात आणि उरलेली का कुजतात, याविषयी त्या लेखांत क्वचितच काही सापडते. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला, काजू आणि आंब्याच्या जुन्या बागेत, मी काही वर्षांपूर्वी ॲव्होकॅडोची चाळीस कलमे लावली. कलमे जगवणे तुलनेने सोपे गेले. फळ विकताना मात्र दोन हंगाम पुरते हात पोळले. त्या अनुभवातून आणि नंतर केलेल्या वाचनातून जे हाती लागले, ते सीमाभागातील इतर बागायतदारांच्या उपयोगी पडावे म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले असल्यास आपण योग्य तेथे कात्री लावावी.

पहिला मोठा तोडा जुलैत, सलग पावसाच्या आठवड्यात झाला. तीस क्रेट फळे चोर्ला घाटातून गोव्याला पाठवली. गाडीत चढवताना प्रत्येक फळ हिरवेगार, टणक आणि बिनडागी होते, हे मी स्वतः पाहिले होते. पाचव्या दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला. फळे मऊ पडता पडता देठाकडून काळवंडली होती, काहींच्या अंगावर रुपयाएवढे खोलगट डाग उमटले होते आणि कापल्यावर आतला गर तपकिरी निघत होता. "बघायला गुळगुळीत, कापल्यावर कोळसा हाय की हो," असे तो म्हणाला आणि अर्ध्याहून अधिक मालाचे पैसे त्याने कापले. मी गाडीवाल्याला दोष दिला, गाडीवाल्याने घाटातल्या खोळंब्याला आणि व्यापाऱ्याने मला. खरा अपराधी त्या फळांच्या सालीत मृग नक्षत्रापासूनच मुक्कामाला होता, हे मला पुढच्या वर्षी समजले.

या अपराध्याचे नाव कोलेटोट्रिकम. आंब्याच्या मोहोरावर आणि फळांवर जो करपा पडतो, त्याच्याच कुळातली ही बुरशी आहे. काजूच्या कोवळ्या फुटीवर आणि पपईच्या फळावरही तीच आढळते. झाडावर वाळून राहिलेल्या काटक्या, सुकलेली पाने आणि काळी पडून फांदीलाच चिकटलेली जुनी फळे ही तिची घरे असतात. पावसाचा थेंब त्यांवर आदळला की बीजाणू उडतात आणि खालच्या, शेजारच्या फळांवर बसतात. साल काही तास ओली राहिली की बीजाणू रुजतो, त्याच्या अंकुराच्या टोकाशी एक चपटी, काळसर गाठ तयार होते आणि त्या गाठीतून एक अतिसूक्ष्म खुंटी सालीवरच्या मेणाच्या थरात शिरते. एवढे झाल्यावर ती थांबते. फळ कच्चे असेपर्यंत आठवडे, महिने ती तशीच निपचित पडून राहते आणि बाहेरून कोणालाही काही दिसत नाही.

ती का थांबते, याचे उत्तर मला फार रोचक वाटले. कच्च्या ॲव्होकॅडोच्या सालीत बुरशीला मारक असे एक नैसर्गिक द्रव्य असते. इस्रायलमधील शास्त्रज्ञ डोव्ह प्रुस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये या द्रव्याचा आणि बुरशीच्या सुप्तावस्थेचा संबंध दाखवून दिला. फळ पिकू लागले की सालीतील एका विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेमुळे हे द्रव्य झपाट्याने कमी होते, म्हणजे पहारेकरीच चौकी सोडून जातो आणि इतके दिवस दाराशी बसलेली बुरशी आत शिरते. ॲव्होकॅडो झाडावर पिकत नाही, तोडल्यानंतरच पिकते. त्यामुळे रोगाची लागण बागेत होऊनही त्याचा तमाशा नेहमी व्यापाऱ्याच्या वखारीत किंवा ग्राहकाच्या स्वयंपाकघरात होतो आणि बागायतदार, वाहतूकदार व अडत्या या तिघांत भांडण लागते. हे ज्याला कळले, त्याला पुढचे सगळे उपाय आपोआप कळतात असे मी म्हणणार नाही, पण कोठे पैसे घालवू नयेत एवढे तरी नक्की कळते.

दुसरा रोग देठकुजीचा. तो लॅसिओडिप्लोडिया आणि तिच्या नात्यातील इतर काही बुरशांमुळे होतो. या बुरशा झाडाच्या फांद्यांत आणि देठाच्या पेशींत कोणताही त्रास न देता राहतात आणि फळ तोडल्यावर देठाच्या जखमेतून खाली उतरतात. कूज देठापाशी सुरू होते, गरातील शिरा तपकिरी होत जातात, गर पाणचट होतो आणि त्याला आंबूस वास येतो. पहिल्या रोगाचा, म्हणजे करप्याचा, डाग मात्र फळाच्या अंगावर कोठेही उमटतो. तो गोल आणि किंचित खोलगट असतो, दमट हवेत त्यावर गुलाबी-नारिंगी रंगाचा बीजाणूंचा थर येतो आणि सुरुवातीला खालचा कुजका गर चमच्याने वाटीसारखा वेगळा काढता येतो. गडद सालीच्या हास जातीत हे डाग सालीच्या रंगात लपून जातात, म्हणून गिऱ्हाइकाची फसगत अधिक होते. काळी-करडी केसाळ बुरशी जखमी फळावरच येते. तिच्यासाठी फळ न आपटणे, न खरचटणे एवढेच पुरे.

आता आपल्या भागाची खरी अडचण सांगतो. कॅलिफोर्नियात फळवाढीचा उन्हाळा कोरडा जातो, त्यामुळे तेथे हे रोग फारसे डोके वर काढत नाहीत. दक्षिण भारतातील बहुतेक ॲव्होकॅडो हिवाळ्यात फुलतो आणि पावसाळ्यात तोडणीला येतो. कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, कॉफीच्या मळ्यांतही हेच आणि आमच्याकडेही हेच. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना निराळे सांगायला नको. जून ते ऑगस्ट फळाची साल कोरडी अशी नसतेच. त्यातच आमच्यापैकी अनेकांनी ही कलमे काजू-आंब्याच्या जुन्या बागांतील मोकळ्या जागी लावली आहेत, म्हणजे बुरशीच्या भरल्या घरातच नवे बिऱ्हाड मांडले आहे. अमुक देशात हेक्टरी इतके उत्पन्न निघते, असे सांगणाऱ्यांनी त्या देशाच्या पावसाचा महिनाही सांगावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

म्हणून या रोगांचे काढणीपश्चात व्यवस्थापन काढणीच्या कितीतरी आधी सुरू करावे लागते. एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या सरींच्या आत, झाडावरच्या वाळलेल्या काटक्या, काळी फळे आणि दाटीच्या फांद्या काढून त्या बागेबाहेर नेऊन जाळणे किंवा पुरणे हे माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. मी ते पहिली दोन वर्षे केले नाही, कारण वाळकी काटकी कोणाचे काय बिघडवते असे मला वाटत असे. जमिनीला टेकलेल्या फांद्या उचलून छाटल्या, झाडाच्या पोटात हवा आणि ऊन खेळू लागले, की पाऊस थांबल्यावर साल लवकर वाळते आणि बीजाणूला रुजायला लागणारा ओलावा मिळत नाही. आंबा आणि काजूच्या झाडांचीही याच वेळी सफाई व्हावी. एका झाडाची सफाई करून शेजारचे तसेच ठेवणे म्हणजे एका खोलीत झाडून कचरा दुसऱ्या खोलीत ढकलणे होय.

त्यानंतर ताम्रयुक्त फवारणी. आपल्या भागात सुपारीच्या कोळेरोगासाठी आणि द्राक्षांसाठी बोर्डो मिश्रण पिढ्यानपिढ्या वापरले जाते, त्यामुळे ते नवे नाही. पण ते नीट केले जात नाही. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी हे प्रमाण सर्वांना पाठ असते. मोरचूद आणि चुना निरनिराळ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत विरघळवून मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत ढवळत ओतावे, उलटे करू नये, आणि मिश्रणात लोखंडी सुरी किंवा खिळा थोडा वेळ बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्लधर्मी आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवावे. ही फवारणी बुरशी सालीत शिरण्याआधीच उपयोगी पडते. एकदा ती मेणाच्या थराखाली गेली की वरून कितीही तांबे लावले तरी तिच्या केसालाही धक्का लागत नाही. म्हणून पहिली फवारणी पावसाच्या आत आणि पुढच्या उघडिपी पाहून, चिकट द्रव्य मिसळून कराव्या लागतात. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत लेबलवर सांगितलेले अंतर ठेवावे. फळावर राहिलेले निळसर पांढरे डाग पुसून टाकल्याशिवाय ते बाजारात नेऊ नये, एवढी लाज आपण बाळगायला हवी.

खताविषयी एकच गोष्ट नोंदवतो. नत्राचा मारा झालेल्या झाडांची फळे अधिक कुजतात आणि ज्या फळांत कॅल्शियम पुरेसे असते ती अधिक टिकतात, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. ऊस आणि भाजीपाल्याच्या सवयीने युरियाच्या गोणीकडे हात जातो, तो येथे आवरावा.

तोडणीच्या वेळी जे घडते त्यावर फळाचे निम्मे भवितव्य ठरते. बाजारात भाव चढा असला की अपक्व फळे तोडण्याचा मोह होतो. अपक्व फळ पिकतच नाही. ते रबरासारखे होते, सुरकुतते आणि बुरशीला जास्त दिवस मिळाल्यामुळे हमखास कुजते. तोडणीपासून पिकेपर्यंत जितके दिवस अधिक, तितकी कूज अधिक, हा नियम सर्वत्र लागू पडतो. पक्वता ओळखण्यासाठी आपल्याकडील हिरव्या जातींत सालीवर किंचित पिवळसर झाक येते, जांभळ्या जातींचा रंग लालसर तपकिरी होतो आणि फळ कापल्यास बीचे आवरण पांढरट-पिवळ्याचे गडद तपकिरी झालेले दिसते. ज्यांना नेमकेपणा हवा त्यांनी शुष्क पदार्थाचे प्रमाण काढावे. गराचा शंभर ग्रॅम कीस घेऊन वजन उतरायचे थांबेपर्यंत वाळवावा आणि उरलेले वजन पाहावे. हास जातीसाठी कॅलिफोर्नियात हे प्रमाण किमान सुमारे २१ टक्के असावे लागते. आपल्या भागातील बियांपासून वाढलेल्या झाडांना हा आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही, कारण त्यांतील बरीच झाडे कमी तेलाच्या वेस्ट इंडियन वंशाची आहेत. पण प्रत्येकाने आपल्या झाडाचा आकडा दोन-तीन हंगाम वहीत लिहून ठेवला तर त्याचे त्यालाच कळेल. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा यासाठी पुरतो. माझ्या घरी तो आता बागेच्या खोलीत कायमचा मुक्कामाला आला आहे, आणि यावरून घरात होणाऱ्या बोलण्याचा येथे उल्लेख करत नाही.

फळ ओले असताना तोडू नये. पावसाळ्यात हे कसे पाळायचे, असा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की तोडणीचा दिवस व्यापाऱ्याच्या गाडीवरून न ठरवता आकाशाकडे पाहून ठरवावा. सकाळचे दव किंवा रात्रीचा पाऊस वाळल्यावर, दुपारच्या आत, उघडीप पाहून तोडावे आणि एखादा दिवस हुकला तर हुकू द्यावा. झाडावर राहिलेले पक्व फळ काही दिवस तसेच टिकते. आंब्यासारखी पिकून पडण्याची त्याला घाई नसते. काठीने झोडपून किंवा फांदी हलवून फळे पाडणे तर अजिबात करू नये. आंब्यासाठी वापरतो तो झेला येथेही चालतो, पण देठ ओढून न तुटता कात्रीने कापला जाईल असे पाते त्याला हवे. देठाचा अर्धा-एक सेंटीमीटरचा तुकडा फळावर ठेवावा. देठ मुळासकट उपटला तर देठकुजीला उघडे दार मिळते आणि लांब ठेवला तर तो शेजारच्या फळाला टोचतो. खाली पडलेले फळ, ते कितीही चांगले दिसले तरी, तोडलेल्या फळांत मिसळू नये. क्रेटमध्ये फळे भरल्यावर ती सावलीत ठेवावीत. हे सर्व मजुरांना एकदा सांगून भागत नाही. त्यांची मजुरी तोडलेल्या क्रेटच्या संख्येवर ठरवण्याऐवजी रोजावर ठरवली, तेव्हाच माझ्याकडे फळे आपटणे थांबले.

धुण्याविषयी बरेच गैरसमज आहेत. फळे धुतल्याने सालीत शिरलेली बुरशी जात नाही. तरीही पाण्यात हात घालायचाच असेल तर त्या पाण्यात क्लोरीन हवे, नाहीतर एका कुजक्या फळाचे बीजाणू साऱ्या क्रेटला वाटले जातात. शंभर लिटर पाण्यात साधारण ३० ते ३५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर मिसळली तर दहा लाख भागांत शंभर भाग क्लोरीन मिळते. पाणी गढूळ झाले की ते बदलावे, कारण मातीने क्लोरीन निकामी होते. पाणी फळापेक्षा थंड असेल तर फळ देठाच्या जखमेतून पाणी आत ओढून घेते, हे कोणी सांगितले नसते तर मला कधीच सुचले नसते. धुतल्यावर फळे पंख्याखाली पूर्ण वाळवावीत. माझ्यापुरते मी हे क्लोरीनचे पाणी क्रेट, कात्र्या आणि ओटा धुण्यासाठी वापरतो आणि फळे सुक्या फडक्याने पुसतो.

रासायनिक द्रावणात फळे बुडवण्याचा सल्ला बागेपर्यंत पोहोचवणारे पुष्कळ भेटतात. अनेक निर्यातदार देशांत काढणीनंतर प्रोक्लोराझ या बुरशीनाशकात फळे बुडवण्याची पद्धत वर्षानुवर्षे होती आणि तिचा उपयोगही होत असे. मात्र युरोपीय संघात या द्रव्याची मान्यता आता संपली आहे. आपल्याकडे १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार प्रत्येक औषधाची नोंदणी पीकवार असते आणि लेबलवर ज्या पिकाचे नाव नाही, त्या पिकावर, त्यातही दोन दिवसांनी कोणाच्या तरी मुलाच्या ताटात जाणाऱ्या तोडलेल्या फळावर, ते वापरणे नियमाला धरून नाही. आंब्याला चालते म्हणून कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या बादलीत ॲव्होकॅडो बुडवणारे मी पाहिले आहेत. विकत घेणारा साल काढून खातो, हा त्यांचा युक्तिवाद मला पटत नाही. आंब्याचा आणखी एक उपाय, म्हणजे ५० ते ५२ अंश सेल्सियसच्या पाण्यात काही मिनिटे फळ ठेवणे, तोही येथे जसाच्या तसा आणू नये. मी करून पाहिले तेव्हा फळांची साल भाजल्यासारखी तपकिरी झाली. दक्षिण आफ्रिकेत बॅसिलस सबटिलिस या उपयुक्त जिवाणूचा ॲव्होकॅडोच्या रोगांवर वापर करण्याचे बरेच काम झाले आहे. आपल्या हवामानात त्याची नीट चाचणी झाली तर हा मार्ग मला अधिक आशादायक वाटतो.

तापमान हा या साऱ्या प्रकरणातील सर्वांत जड विषय आहे. तोडल्यानंतर फळातील उष्णता काही तासांत, शक्यतो त्याच दिवशी, काढून टाकली तर पिकणे आणि बुरशी दोन्ही मंदावतात. पण थंड म्हणजे किती थंड, हे जातीवर अवलंबून असते. हास जातीला ५ ते ७ अंश मानवते, वेस्ट इंडियन वंशाच्या जातींना १२-१३ अंशांच्या खाली इजा होते. माझ्या एका परिचिताने भाव चढण्याची वाट पाहत आपली फळे बटाट्याच्या शीतगृहात ठेवली. बटाट्यासाठी राखलेल्या दोन-चार अंशांच्या थंडीत ती आठ-दहा दिवस छान दिसली. बाहेर काढल्यावर साल काळी पडली, गर करडा झाला आणि थंडीने दुखावलेल्या त्या पेशींवर बुरशी तुटून पडली. शीतगृह वाईट नव्हते, ते बटाट्याचे होते. अथणीकडच्या बेदाण्याच्या शीतगृहांबाबतही हाच विचार करावा. शिवाय सफरचंद, केळी यांसारख्या फळांतून इथिलीन वायू सुटतो. त्यांच्या शेजारी ठेवलेला ॲव्होकॅडो थंडीतही पिकू लागतो.

येथे बेळगावला निसर्गाने दिलेल्या एका देणगीकडे लक्ष वेधावेसे वाटते. ॲव्होकॅडो १८ ते २० अंशांच्या आसपास उत्तम पिकतो. हवा २५ अंशांच्या वर गेली की कूज वाढते आणि ३० च्या पुढे फळ नीट पिकतच नाही. बेळगाव आणि खानापूरचा पठारी भाग जुलै-ऑगस्टमध्ये विशीच्या आगेमागे असतो. घाट उतरून गोव्यात गेले की तेच फळ उष्ण, दमट हवेत सापडते. पहिल्या वर्षी मी टणक फळे खाली पाठवली आणि ती तेथे पिकली. म्हणजे बुरशीला सर्वांत अनुकूल अशा हवेत मीच तिला सोडून आलो. आता मी फळे वर, आपल्या हवेत, पिकायला सुरुवात होईपर्यंत ठेवतो, रोज एकदा हाताळून देठापाशी संशयास्पद वाटणारी बाजूला काढतो आणि बोटाच्या दाबाला किंचित दबू लागलेली तेवढीच एका थराच्या खोक्यात घालून रात्रीच्या गाडीने पाठवतो. एका फेरीत कमी माल जातो आणि भाडे किलोमागे जास्त पडते. पण परत येणारा माल गेल्या हंगामात नगण्य होता.

पिकवण्याबाबत एक इशारा आवश्यक आहे. कॅल्शियम कार्बाईडने फळे पिकवण्यास अन्नसुरक्षेच्या २०११ च्या विनियमांनुसार देशात बंदी आहे. इथिलीन वायूला मात्र दहा लाख भागांत शंभर भागांच्या मर्यादेत परवानगी आहे आणि ॲव्होकॅडोसाठी तो फार उपकारक आहे. एरवी एकाच क्रेटमधील काही फळे पाचव्या दिवशी, तर काही बाराव्या दिवशी पिकतात आणि मागे राहिलेली बहुतेक कुजतात. इथिलीन एक-दोन दिवस दिल्यास सारी फळे जवळपास एकदम पिकतात आणि बुरशीला फावणारे दिवस कमी होतात. खोलीत साठणारा कार्बन डायऑक्साइड मधूनमधून बाहेर सोडावा लागतो, म्हणून ही कामे ताडपत्रीखाली न होता नीट बांधलेल्या रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळे पिकवण्याच्या बंदिस्त खोलीत, व्हावीत. केळ्यांसाठी अशी चेंबर अनेक शहरांत आहेत. ॲव्होकॅडोसाठी तापमान बदलून तीच वापरता येतात. घरी दोन-चार फळे पिकवणाऱ्या वाचकांनी ती पिकलेल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवावीत आणि मऊ झाल्यावरच फ्रिजमध्ये घालावीत.

महोदय, या सर्वांतून माझी मागणी मर्यादित आहे. लागवडीला उत्तेजन देणाऱ्या योजना भरपूर आहेत, पण खानापूर तालुक्यात दहा-वीस शेतकऱ्यांनी मिळून वापरावी अशी पूर्वशीतकरणाची, म्हणजे तोडलेल्या फळांतली उष्णता लगेच काढून टाकण्याची, एक खोली आणि तिला जोडलेले एक लहान रायपनिंग चेंबर उभारण्यासाठी साहाय्य मिळाले, तर रोपांच्या अनुदानापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. दुसरे असे की अरभावी येथील कित्तूर राणी चन्नम्मा उद्यानविद्या महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे आणि कोडगूतील चेट्टळ्ळीच्या प्रयोग केंद्राने अर्का सुप्रीम, अर्का कूर्ग रवी यांसारख्या जाती दिल्या आहेत. या जातींत आमच्याकडच्या पावसात कोणती कमी कुजते, किती अंशांवर कोणती किती दिवस टिकते, याच्या चाचण्या खानापूरच्या घाटमाथ्यावरील बागांत घेतल्या जाव्यात. कूर्गचा पाऊस आणि कणकुंबीचा पाऊस सारखे दिसले तरी फुलोऱ्याचे आणि तोडणीचे आठवडे सारखे असतीलच असे नाही.

तिसरी बाब भाषेची आहे आणि ती मी कोणत्याही वादासाठी लिहीत नाही. औषधाचे प्रमाण, तोडणी आणि फवारणीतले अंतर, शीतगृहाचे अंश या गोष्टी चुकीच्या समजल्या तर माल जातोच, प्रसंगी खाणाऱ्याच्या जिवाशीही गाठ पडते. सीमाभागातील बागायतदाराला ही माहिती कन्नडबरोबर मराठीतही छापील स्वरूपात मिळाली तर कोणाचेच नुकसान नाही. आमच्या मजुरांत दोन्ही भाषा बोलणारे आहेत. 'देठ कापा, उपटू नका' हे वाक्य मी माझ्या बागेच्या खोलीत दोन्ही भाषांत लिहून लावले आहे.

अडत्यांशीही एक बोलणे व्हायला हवे. सध्या कुजलेल्या मालाची सगळी घट शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीतून, वजा होते, मग ती कूज बागेत लागलेली असो की वखारीच्या पत्र्याखाली चाळिशीकडे गेलेल्या उष्णतेत वाढलेली असो. तोडणीची तारीख आणि जातीचे नाव क्रेटवर लिहिण्याची आमची तयारी आहे. माल ताब्यात घेतल्याची तारीख आणि तो ठेवलेल्या जागेचे तापमान त्यांनी पट्टीवर लिहावे. मी यंदापासून माझ्या बाजूची चिठ्ठी प्रत्येक क्रेटला लावणार आहे. माझ्याकडून माल घेणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्याच्या बाजूची नोंद ठेवण्याचे तोंडी कबूल केले आहे. आषाढातल्या पहिल्या तोड्यानंतर त्या चिठ्ठ्यांत काय दिसले, ते आपली अनुमती असल्यास पुन्हा कळवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक फळबागायतदार,
जांबोटी परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव